अनुमान म्हणजे अंदाजच ना?

मुलगी आठवीत, मराठी माध्यम. विज्ञानाच्या वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं लिहायचं असतं. जळत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवायचा प्रयोग होता, तर हिने निरीक्षणात लिहिलं 'ऑक्सिजन संपला म्हणून मेणबत्ती विझली' आणि अनुमानात तेच जरा फिरवून. बाईंनी काट मारली. आता विचारतेय अनुमान म्हणजे अंदाजच ना, मग काहीही ठोकून दिलं तर चालेल का?

– ऑक्सिजन दिसला का तिला? ज्योत बारीक होत गेली, विझली, काचेला आतून वाफ धरली, एवढंच निरीक्षण. आणि ऑक्सिजन 'संपत' पण नाही हो, हवेत २१ टक्के असतो तो १६ च्या आसपास आला की मेणबत्ती विझते. अनुमानात 'कमी पडला' लिहा.

– किस काढतोय पण 'वाफ' हेसुद्धा अनुमानच झालं की. काच धुरकट झाली म्हणा :)

– अनुमान = अंदाज हे हिंदीचं वळण. त्यांचं मौसम का पूर्वानुमान, आपला हवामानाचा अंदाज. मराठीत अनुमानाला आधार लागतो, न्यायशास्त्रातलं (कायद्याचं नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं) ते डोंगरावर धूर म्हणून तिथे आग, पण धूर तिथे आग हे आधी पक्कं माहीत असेल तरच ना. शाळेत तेच चालतं, चुन्याची निवळी दुधाळ झाली हे निरीक्षण, कार्बन डायऑक्साइड आहे हे अनुमान, आणि मधला दुवा आधी शिकलेला. तो दुवा सैल असला की फसलात, कारण सल्फर डायऑक्साइडनेही निवळी दुधाळच होते.

– मुलांना कशाला बोलता, पेपरात रोज 'न्यायालयाने निरीक्षण नोंदवले' असतं आणि पुढे असतं ते न्यायाधीशांचं मत. ऑब्झर्व्हेशनचं सरळ भाषांतर करून टाकलंय, मग पोरांना वाटणारच की मत मांडलं तरी ते निरीक्षणच.

– आणि निष्कर्ष? आमच्या जर्नलमध्ये कुठे अनुमान कुठे निष्कर्ष, एकाच अर्थाने.

– वह्यांमध्ये सरमिसळ आहेच. पण बारावीचं, दिलेला अनोळखी क्षार ओळखायचं सॉल्ट अ‍ॅनॅलिसिस आठवा, प्रत्येक टेस्टसमोर निरीक्षण आणि अनुमान, तेही बऱ्याचदा 'अमुक असू शकेल' असं, आणि सगळ्या टेस्ट झाल्यावर खाली एकच निष्कर्ष, सॉल्ट कुठलं ते. मी तरी असाच फरक करतो.

– पटलं. तिच्या पुढच्या पानावर 'जस्त टाकल्यावर हायड्रोजन आला' आहे निरीक्षणात, तिथे 'बुडबुडे आले' करायला सांगते.

– आणि जळती काडी नेल्यावर फट् आवाज झाला असेल तर तोही निरीक्षणातच लिहू दे, त्याशिवाय हायड्रोजन म्हणणार कशावरून.