आईचा जुना कॉम्प्युटर: विंडोज १० वरच ठेवावा, ११ घालावं की लिनक्सकडे जावं?

नमस्कार. प्रश्न घरातल्या एकाच कॉम्प्युटरचा आहे, पण त्यात आईचं सतरा वर्षांचं लिखाण आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेस्कटॉप २०१६ च्या सुरुवातीला जुळवून घेतलेला. इन्टेल कोअर आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यावर विंडोज ७ होतं. त्या वर्षी २९ जुलैपर्यंत विंडोज १० फुकट मिळत होतं, तेव्हा मीच ते चढवलं. त्यानंतर आपोआप येणारी अपडेट्स सोडली तर त्याला कुणी हात लावलेला नाही.

आई ७१ वर्षांची आहे आणि रोज तीन-चार तास लिहिते. लेख, जुन्या पत्रांच्या नकला, शब्दांच्या याद्या असं तिचं काम. ती टाइपिंग टाइपरायटरवर शिकली, त्यामुळे बोटं रेमिंग्टन की-बोर्डवर बसलेली आहेत. लिहिते ते युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत) नाही. युनिकोड सर्वांपर्यंत पोचण्याआधीच्या काळातलं एक देवनागरी सॉफ्टवेअर आहे, यूएसबी डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय ते सुरूच होत नाही. अशा साधारण साडेसहाशे फाइली आहेत. शिवाय २००९ चा एक स्कॅनर आहे, तो अजून उत्तम चालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स थांबली. त्याआधीच एके सकाळी आईच्या पडद्यावर तशी पूर्ण पानभर सूचना आली. तिने मला फोन करून पहिलं विचारलं, "माझं लिखाण जाणार का गं?" नाही जाणार, असं मी सांगितलं खरं, पण पुढे काय करायचं ते मलाच नीट ठरवता येत नाहीये.

मी एवढं पाहिलं आहे: विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि इन्टेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा, म्हणजे अधिकृतपणे बसत नाही. कॉम्प्युटर संथही झाला आहे, सुरू होऊन हाताशी यायला पाच-सहा मिनिटं घेतो. ११ घातल्यावर तो वेगवान होईल की आणखी मंदावेल? नवा घेणं अशक्य नाही, पण डोंगल आणि स्कॅनर नव्यावर चालतील याची खात्री कोण देणार? आणि अँटिव्हायरस आहे तेवढ्यावर १० चालू ठेवलं तर खरंच काय बिघडतं?

जाणकारांनी कृपया सांगावं. काही माहिती राहिली असेल तर विचारा, पाहून लिहिते.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: सुरक्षितता, वेग आणि जुन्या गोष्टी चालतील का. ते सुटे करा, म्हणजे निर्णय सोपा होईल.

वेगाचं आधी सांगतो, कारण तिथे बहुतेकांची चूक होते. तुमचा प्रोसेसर चार कोअरचा आहे, लिखाणाच्या कामाला तो आजही पुरून उरतो. अडतंय ते हार्ड डिस्कमुळे. कॉम्प्युटर सुरू केल्यावर टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क'चा रकाना बघा, बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेला दिसेल. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, आणि छोट्या छोट्या विखुरलेल्या फाइली वाचताना तर फारच मागे पडते, कारण वाचणाऱ्या सुईला दर वेळी जागा बदलावी लागते. साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते आणि तिच्यात हलणारा भागच नसतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून हा फरक पडणार नाही, एसएसडी लावून पडेल. आहे तीच सिस्टीम क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून, एसएसडीवर घेता येते, आईंना पडद्यावर काही बदललेलंही जाणवणार नाही.

पण त्याआधी त्या डिस्कची प्रकृती तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स'चा, म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बदललेल्या जागांचा, आकडा वाढलेला दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फाइलींची प्रत काढा. दहा वर्षं रोज फिरलेल्या डिस्कवर एकमेव प्रत असणं, हा तुमच्याकडचा सर्वांत मोठा धोका आहे. विंडोज १० की ११ हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रतिसाद २

अँटिव्हायरसबद्दल: तो ओळखीचा चोर पकडतो, भिंतीतलं भगदाड बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा ते ज्या त्रुटीतून शिरत होतं, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. अपडेटच येत नसलेली सिस्टीम इंटरनेटला जोडून ठेवणं म्हणजे कायमचं त्या जागी उभं राहणं.

पण तुम्हाला लगेच पळापळ करायची गरज नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नोंदणी करावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. एकदा पैसे भरणं हा एक मार्ग आहे, पण सेटिंग्ज क्लाउडवर सिंक करून किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट देऊनही ते मिळतं. यात नवीन सोयी येत नाहीत, फक्त सुरक्षेची ठिगळं येतात. तुम्हाला तेवढीच हवी आहेत.

प्रतिसाद ३

माझ्याकडे सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. त्यावर रूफस नावाच्या साधनाने इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह बनवून, अटी वगळून विंडोज ११ घातलं आहे. वर्षभर चालतंय. तरी तुम्हाला 'घाला' म्हणणार नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. महिन्याची अपडेट्स मला येतात, पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती मला स्वतः हाताने चढवावी लागली. मी ते करू शकतो. तुमच्या आई एकट्या असताना अडलं तर?

एक विचारायचं होतं. तुमचं विंडोज ३२ बिट आहे की ६४? सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे बघा. विंडोज ७ च्या काळात जुन्या सॉफ्टवेअरसाठी मुद्दाम ३२ बिट घालून द्यायचे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल आईकडे जाऊन एकेक गोष्ट तपासली.

प्रतिसाद ३ मधली शंका खरी निघाली. 'अबाउट'मध्ये लिहिलंय: ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, ६४ बिट प्रोसेसर. आणि रॅमपुढे ८ जीबी, पण वापरता येण्याजोगी साडेतीनच्या आत. ३२ बिट विंडोजला चार जीबीपुढची रॅम वापरताच येत नाही, म्हणजे इतकी वर्षं अर्ध्याहून जास्त रॅम नुसती बसून होती. ज्यांनी कॉम्प्युटर जुळवून दिला त्यांनी तेव्हा हे सांगितलं नव्हतं. विंडोज १० चढवताना मीही पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

डिस्कवर १४ सेक्टर रीअलोकेटेड दाखवतात. सगळ्या फाइली दोन बाह्य डिस्कवर उतरवल्या, एक आईकडे ठेवली आणि एक मी घेऊन आले. ते झाल्यावरच जेवले.

आता ३२ बिटवरून ११ कडे कसं जायचं?

प्रतिसाद ३

आहे त्यावरून थेट नाही जाता येणार. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती नाहीच, आणि ३२ वरून ६४ ला अपग्रेड होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. विंडोज १० चं ६४ बिट घेतलंत तर तुमचा परवाना तोच चालेल, फक्त होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो घाला.

डोंगल आणि स्कॅनरचं मात्र नीट समजून घ्या. ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर बहुधा चालतात. ३२ बिट ड्रायव्हर (उपकरण सिस्टीमशी जोडून देणारे प्रोग्राम) चालत नाहीत. डोंगलसाठी किंवा स्कॅनरसाठी ६४ बिट ड्रायव्हर कंपनीने कधी काढला होता का ते आधी शोधा. नसेल तर ते डोंगल नव्या कॉम्प्युटरवरही मुकंच राहणार, मग तो कितीही भारी घ्या.

प्रतिसाद ४

मी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, सुचवायला आलो होतो. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत आणि त्याची एक्सएफसीई आवृत्ती तुमच्या मशीनवर हलकी चालेल. पेन ड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतं, तेवढं जरूर करा. २००९ च्या स्कॅनरला सेन नावाची, लिनक्सवर स्कॅनर चालवणारी यंत्रणा ओळखते का तेही तिथेच कळेल. जुने स्कॅनर विंडोजने सोडून दिले तरी लिनक्सवर चालताना मी पाहिले आहेत.

पण पूर्ण धागा वाचल्यावर वाटतं, तुमचं घोडं ऑपरेटिंग सिस्टीमपाशी अडलेलंच नाही. ते फॉन्टपाशी अडलंय. त्या साडेसहाशे फाइलींत कॉम्प्युटरच्या लेखी मराठी अक्षरं नाहीतच, रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत आहेत, आणि फॉन्ट त्यांना देवनागरी चेहरा देतो. फॉन्ट काढला की गिचमिड उरते. आज सिस्टीम वाचवलीत तरी पाच वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील. फाइली युनिकोडमध्ये आणा, मग त्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवरही उघडतील, शोधताही येतील.

घाई न करता असं करता येईल. डिस्क२व्हीएचडी नावाचं मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे. त्याने आत्ताच्या पूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेवा. पुढे ६४ बिट सिस्टीम घातल्यावर ती प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये), इंटरनेट तोडून, चालवता येईल. डोंगल आत जोडून बघता येतं, पण ते चालेलच असं धरू नका, आधी करून बघा. आणि रूपांतराआधी प्रत्येक फाइलची फॉन्टसकट पीडीएफ काढा. मूळ कसं दिसत होतं त्याचा तो पुरावा राहील.

धागाकर्ती

पंधरा दिवसांनी लिहितेय. काय ठरलं आणि किती झालं ते सांगते.

सध्या विंडोज १० च ठेवलं आहे, तेच ३२ बिट. एसएसडीवर क्लोन केलं. आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू होतो, आई पहिल्या दिवशी म्हणाली, "काहीतरी काढून तर टाकलं नाहीस ना?" वाढीव अपडेट्सची नोंदणी झाली. डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर कुठेही सापडला नाही, त्यामुळे नवा कॉम्प्युटर घ्यायचा विचार तूर्त सोडला. स्कॅनर मात्र मिंटने पेन ड्राइव्हवरून लगेच ओळखला. ऑक्टोबर २०२६ च्या आत फाइली युनिकोडमध्ये आणायच्या आणि मग ६४ बिटकडे जायचं, मिंट की विंडोज ते आई दोन्ही वापरून ठरवेल. तिच्या हाताला काय सोसतं हे तिलाच माहीत.

प्रतिसाद ४ वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी मराठी लिहितच नव्हते?" तिला ते लागलं. मी तिला सांगितलं की वाचणाऱ्याला ते मराठीच होतं.

पहिल्या वीस फाइली रूपांतरित केल्या. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते त्या क्रमाने, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफार तिथे अक्षरानंतर, इथे आधी. त्यामुळे 'किर्ती' आणि 'कीर्ती' असा गोंधळ नव्हे, तर 'सर्व'चं 'सवर्' होतं आणि 'तऱ्हा', 'दऱ्या' यांमधला अर्धा र हरवतो. आई पीडीएफ शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहते. दिवसाला तीन फाइली होतात.

आता पुढचा प्रश्न. ज्यांनी अशा फाइलींचं रूपांतर केलं आहे, त्यांनी तक्त्यांचं काय केलं? आईच्या शब्दांच्या याद्या दोन रकान्यांत आहेत. रूपांतरात रकाने मोडतात आणि शब्द एकीकडे, अर्थ दुसरीकडे जातो. जोडाक्षरांसाठी बदलांची यादी कुणी स्वतः तयार केली असेल तर ती कशी वापरली, तेही कळलं तर बरं होईल.