खापर यंत्रावर कशाला?

‘लोकांनी मतं दिली होती, डाव्यांना मशीननं हरवलं’ हे इथं माझ्याआधी प्रतिक्रिया दिलेल्या दोघांचं म्हणणं मला पटत नाही. देशभर सगळीकडे मतदान यंत्रावर झालेली पहिली लोकसभा निवडणूक २००४ची, आणि माकपला (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला) आजवरच्या सर्वाधिक, ४३ जागा मिळाल्या त्या तेव्हाच. २००९ला १६ उरल्या, २०१४ला ९, २०१९ला ३. घसरण मोदींच्या आधीची आहे. नंदीग्रामचं (२००७ला बंगालमध्ये डाव्या सरकारच्या पोलिसांनी जमीन संपादनाला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार केला, ते गाव) नाव काढलं की आपली डावी मंडळी विषय बदलतात, ते वेगळंच.

२०१९च्या निकालानंतर पुण्यात नवी पेठेत डाव्यांच्या एका बैठकीला गेलो होतो. (१९५७ला नानासाहेब गोरे आणि १९६७ला एसेम जोशी या समाजवाद्यांना लोकसभेवर पाठवणारं हेच ते पुणं, हॉलमध्ये जेमतेम तीस डोकी, निम्मी पेन्शनर, त्यात मीही.) तीन वक्त्यांनी आळीपाळीनं ‘जनतेला कळत नाही’ हेच सांगितलं. मागं बसलेल्या एक घरकामगार ताई उठल्या. म्हणाल्या, “रेशनकार्डातलं नाव कटलं तेव्हा नगरसेवकाचा पोरगा दारात आला. तुम्ही आलात ते मोर्चाला बोलवायला.” कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी वेळेअभावी पुढचा विषय घेतला.