विषय : शिक्षण निधी – दहावीचा सत्कार की सातवीपासूनचे वर्ग?

सप्रेम नमस्कार,

दहावीत नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना रोख रक्कम देण्याची प्रथा यंदाही चालू ठेवावी, या मसुद्यातील सूचनेला माझा विरोध आहे. असे मूल आपल्यापर्यंत येते तेव्हा त्याने अवघड घाट पार केलेला असतो. जी हुशार मुले सातवी-आठवीतच मागे पडली, ती आपल्या यादीत येतच नाहीत. इथे अमेरिकेत व्हर्जिनियातील जॅक केंट कुक फाउंडेशन मुलांची निवड सातवीत करते आणि पुढे बारावीपर्यंत त्यांची साथ सोडत नाही. महाराष्ट्रात आठवीतील मुलांसाठी एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आणि तीत निवडल्या गेलेल्या, वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महिना हजारात वह्या-पुस्तके भागतील. गणितात रमवणारा शिक्षक कुठून मिळणार? म्हणून हा निधी तालुक्याच्या गावी शनिवार-रविवारच्या गणित-विज्ञान वर्गांवर खर्चावा, त्यात एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण धरावे, आणि मुलांची नावे शाळांनी सुचवावीत.

आपला,
शिक्षण निधी समिती सदस्य

———

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

वर्ग हवेत, हे मान्य. शेवटची सूचना मात्र मान्य नाही. शिक्षक ज्यांची नावे सुचवतात ती बहुधा नीटनेटक्या वहीची, हात वर करणारी मुले असतात (मीही त्यांतलाच होतो, हे कबूल करतो). फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीने २००५ च्या सुमारास दुसरीतील सरसकट सर्व मुलांची, भाषेवर फारशी न विसंबणारी चाचणी सुरू केली, तेव्हा शिफारशीच्या पद्धतीत निसटून गेलेली गरीब घरांतील कितीतरी मुले पात्र ठरली. आपणही निवडलेल्या शाळांतील सातवीच्या संपूर्ण वर्गाची चाचणी घ्यावी.

दुसरे असे की, आपला विचार बीड जिल्ह्याचा असेल, तर ती चाचणी ऑगस्टमध्येच व्हायला हवी, कारण दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीसाठी कुटुंबे गाव सोडतात आणि अनेक मुले त्यांच्याबरोबर जातात. शनिवार-रविवारचे वर्ग ठेवले तर नेमकी हीच मुले हंगामभर गैरहजर राहतील. त्यांच्यासाठी मे महिन्यात निवासी वर्ग घेणे अधिक सोयीचे ठरेल. मुलींना मुक्कामी पाठवायला पालक राजी व्हावेत म्हणून तिथे एखादी शिक्षिका पूर्णवेळ असावी लागेल, आणि तिचे मानधन सध्याच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

आपला,
माजी खजिनदार