करोनाकाळ आणि घरातली शुगर : तुमचे अनुभव सांगा

कपाट आवरताना जुन्या ग्लुकोमीटरची पिशवी सापडली. स्ट्रिप्सच्या डबीवर आईने पेनाने लिहिलेलं, सोम, गुरु, रवि. २०२० ची गोष्ट. धाकट्या भावाला टाइप १ मधुमेह, म्हणजे रोज इन्सुलिन टोचायचं, रक्तातली साखर रोज चारदा तरी तपासायला हवी, पण ५० स्ट्रिप्स महिनाभर पुरवायच्या म्हणून तिने वार ठरवलेले, बाकीचे दिवस त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज. तेव्हाच ऑफिसातल्या एकाच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर, मोबाईलवर आलेख, डॉक्टर व्हिडिओवर हजर. आजार तोच ना? तुमच्याकडे काय झालं?

---

बाबांच्या पायाला जखम, डॉक्टर म्हणे फोटो पाठवा, आमचा फोन बटणांचा. शेजारच्या पोराने काढून पाठवेपर्यंत चार दिवस गेले, शुगरने नसा बधिर त्यामुळे त्यांना दुखतही नव्हतं. अंगठा काढावा लागला.

---

इन्सुलिनची नेहमीची ४० ची बाटली (एका मिलीत ४० युनिट) मिळेना म्हणून १०० ची आणली आणि सिरिंज जुनीच!! म्हणजे त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस. नशीब आत्याने टोचायच्या आधी बाटली वाचली

---

बापरे. सिरिंजचं लाल टोपण ४० साठी, नारिंगी १०० साठी, हे मला पण फार उशिरा कळलं

---

आमच्या सासूबाईंनी दोन बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या, थंड म्हणजे थंड 😄 २ ते ८ अंश पाहिजे, गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. मिळत नव्हतं तेव्हा टाकलं, रडले मी

---

फ्रीजवाल्यांची दुःखं :) आम्ही मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू

---

मी दुसऱ्या बाजूची. घाबरून तीन महिन्यांचं इन्सुलिन एकदम भरून ठेवलं होतं. आता हे वाचून कसंतरीच होतंय.

---

तेव्हा सगळेच घाबरले होते हो, मनाला लावून घेऊ नका

---

थोडं विषयांतर, इन्सुलिन शोधणाऱ्या चमूतल्या बँटिंग, बेस्ट, कॉलिप यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलेलं. आणि इथे स्ट्रिपा मोजतोय आपण

---

भाऊ कसाय आता?

---

मस्त आहे, सेन्सर लावतो. डबी टाकून दे म्हणाला, आई देत नाहीये.

---

मडकंवाल्या ताई, वाळू कितीदा भिजवायची?

---

दोनदा. उन्हाळ्यात तीनदा, आणि बाटलीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा नाहीतर लेबल निघून येतं