सोसायटी ग्रुप: गेट ते चौक, सायकल कशी न्यायची?

सचिव: नमस्कार मंडळी. रविवारी खडकवासल्याला जाणारा आपला सायकल ग्रुप आणि क्लासला सायकलवर जाणारी मुलं, दोघांबद्दल सकाळी फिरायला जाणाऱ्यांची तक्रार एकच आहे. गेटमधून बाहेर पडलं की उजवीकडे चौकापर्यंत सायकली राँग साइडने जातात. "असं करू नका" एवढंच लिहून काही होत नाही. मग काय करायचं, ते जाणकारांनी इथे लिहावं. त्यातूनच लिफ्टमध्ये लावायची सूचना तयार करू.

डी-५०५: आधी अंतरं बघू. गेटपासून चौक ३०० मीटर. दुभाजकातली वळायची जागा उलट्या दिशेला ७०० मीटरवर. नियमाने गेलं तर ७०० जा, ७०० परत या, वर ३००, म्हणजे १.७ किमी. ताशी १५ च्या वेगाने साधारण ७ मिनिटं. लोक राँग साइड का घेतात ते कळतं. पण आणखी एक वाट आहे. गेटवर उतरायचं आणि सायकल हातात धरून फुटपाथने चौकापर्यंत चालत जायचं. ३०० मीटरला ४ मिनिटंही लागत नाहीत. राँग साइडने सव्वा मिनिट लागतं. वाचतात ती अडीच मिनिटं.

ए-१०१: गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने सांगते, राँग साइडची सायकल का दिसत नाही ते. गल्लीतून किंवा गेटमधून डावीकडे वळताना नजर उजवीकडे असते, कारण वाहनं तिकडूनच येणार. जागा मिळाली की पाय ॲक्सिलरेटरवर जातो आणि मान त्यानंतर सरळ होते. त्या क्षणी डावीकडून आलेली सायकल बंपरच्या समोर असते. आपल्या गेटपासून चौकापर्यंत अशी पाच तोंडं आहेत: दोन सोसायट्या, दवाखाना, दुधाची डेअरी आणि मधली गल्ली.

बी-७०२: आणि वेगाचा हिशोब. तुम्ही ताशी १८ ने जाताय, स्कूटर ४० ने. एकाच दिशेने असाल तर ती तुमच्याजवळ २२ च्या वेगाने येते. समोरासमोर असाल तर ५८ ने. सेकंदाला १६ मीटर झाले! दोघांनी एकाच बाजूला वळवलं तर सावरायला वेळच उरत नाही.

ए-६०३: हे पटलं. पण फुटपाथवर सायकल चालवत आणू नका हं, हातात धरूनच आणा. आम्हा वयस्कर लोकांना मागून येणारी सायकल ऐकूच येत नाही.

डी-५०५: हो काका, हातातच धरायची. सायकल आपल्या आणि रस्त्याच्या मधे ठेवायची, म्हणजे पेडल दुसऱ्या कुणाच्या पायाला लागत नाही. झेब्रावरही उतरूनच. सायकल हातात असली की आपण पादचारी, बसलो की वाहन. मधलं काही नाही.

बी-२०४: एक शंका. सायकलला लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. मग सिग्नल वगैरे कायद्याने बंधनकारक आहे का?

सी-३०४ (वकील): आहे. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून परवाना, नोंदणी आणि विमा लागत नाही. सूट तेवढीच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये वाहनाच्या व्याख्येत सायकल नाव घेऊन समाविष्ट आहे आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियमही त्याच कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (१ जुलै २०२४ पासून लागू, आधीचं भादंविचं २७९) बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे. त्यात "कोणतंही वाहन" म्हटलंय, मोटार वाहन नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
ई-चलान नंबरप्लेटवर निघतं, त्यामुळे सायकलला सहसा कुणी हटकत नाही. पण खरा फटका भरपाईच्या वेळी बसतो. अपघातात सायकलस्वार राँग साइडला होता किंवा सिग्नल तोडला होता असं सिद्ध झालं, तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. घरातला कमावता माणूस जखमी झाला असेल तर ही रक्कम फार मोठी असते. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

बी-२०४: आणि बॅटरीवाली सायकल?

सी-३०४: मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ पेक्षा कमी असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. वजनाची मर्यादाही आहे, बॅटरी सोडून ६० किलो. यातली एक जरी अट ओलांडली तरी नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट, सगळं लागतं. दुकानात "स्पीड लॉक" काढून देतात, तो काढून घेऊ नका. मुलांसाठी घेताना तर नाहीच नाही.

बी-७०२: आता चौकाकडे येतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बसच्या डावीकडचं. पीएमपीची (पुण्याची शहर बससेवा) मोठी बस १२ मीटर लांब. ती डावीकडे वळते तेव्हा पुढची चाकं चौकात लांबपर्यंत जातात, पण मागची चाकं त्या रेषेवरून जात नाहीत. ती आत, कठड्याकडे सरकतात. वळण सुरू होताना बस आणि कठड्यामधे दीड मीटर जागा दिसते म्हणून सायकलवाला आत घुसतो. बसचा मागचा भाग येईपर्यंत ती जागा संपलेली असते. ड्रायव्हरला डाव्या आरशात तुम्ही दिसालच असं नाही, कारण बस वळताना आरसाही वळतो.
म्हणून सिग्नलला बस, ट्रक, टँकर किंवा काँक्रीट मिक्सर उभा असेल तर त्याच्या डावीकडून पुढे सरकायचं नाही. मागे थांबायचं. काउंटरवर ६० सेकंद असोत की ५. इंडिकेटर नसला तरी तो वळणार नाही असं धरून चालायचं नाही.

ए-१०१: आणि स्टॉपवर थांबलेल्या बसचं?

बी-७०२: तिथेही डावीकडून नाही, प्रवासी उतरत असतात. मागे थांबा, किंवा २० मीटर आधीच मागे बघून हात दाखवून उजवीकडून जा. बसचं इंजिन घुमलं आणि उजवा इंडिकेटर लागला की ती निघणार. तेव्हा थांबलेलंच बरं. बीआरटी लेनमध्ये (फक्त बससाठी राखलेली) सायकल न्यायचीच नाही, तिथे बसचालकाला सायकलची अपेक्षाच नसते.

सी-८०१: काका, मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं मुलांना कसं शिकवू? मुलगी ११ वर्षांची आहे. भर रहदारीत मधल्या लेनमध्ये जायला मला भीती वाटते.

डी-५०५: ताई, तिला मधल्या लेनमध्ये नेऊच नका. दोन टप्प्यांत वळायचं. हिरवा लागला की डाव्या कडेने सरळ चौक ओलांडायचा. पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबून सायकलचं तोंड उजवीकडे करायचं. आता ती आडव्या रस्त्याच्या वाहनांच्या पुढे, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी आहे. त्यांचा सिग्नल हिरवा झाला की सरळ. एक सिग्नल जास्त लागतो, पण रहदारीच्या आडवं एकदाही जावं लागत नाही. उभं राहताना झेब्रा मोकळा ठेवायचा आणि डावीकडे वळणाऱ्यांची वाट अडवायची नाही. जागाच नसेल तर उतरून झेब्रावरून.
मोठ्यांना थेट वळायचं असेल तर क्रम हा: ४० मीटर आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा, हात पूर्ण आडवा करा, पुन्हा बघा, मग एकेक लेन सरका. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं नाही. मागच्याने वेग कमी केलेला दिसला पाहिजे. वळताना मात्र दोन्ही हात हँडलवर, कारण एका हाताने खड्डा सांभाळता येत नाही.

बी-२०४: आरसा लावला तर मागे बघायची गरज उरते का?

डी-५०५: उरते. हँडलच्या टोकाला बसणारा छोटा आरसा चांगलाच, पण मागे बघण्याचा खरा उपयोग मागच्याला होतो. तुमची मान वळली की त्याला कळतं हा काहीतरी करणार. अर्धी सूचना तिथेच मिळते.

ए-६०३: घंटीबद्दल लिहा कुणीतरी. कानाशी येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका सायकलच्या वाटेत जातो.

बी-७०२: अगदी बरोबर काका. १०-१५ मीटरवरून एकदा वाजवायची आणि माणसाने वळून बघेपर्यंत वेग उतरवायचा. मग तोंडाने सांगायचं, "काका, उजवीकडून जातोय." पुढच्याच्या कानात इअरफोन असेल तर घंटीचा उपयोग नाही, चालण्याच्या वेगाने एक मीटर लांबून जायचं. कुत्र्याची साखळी धरलेली असेल तर साखळीच्या बाजूने जायचं नाही. लहान मूल आणि आई रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर थांबायचंच, कारण मूल आईकडे पळतं.

ए-१०१: गाडीवाल्यांसाठीही एक ओळ सूचनेत हवी. गाडीचा दरवाजा लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हरने डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ही पद्धत लिहिलेली आहे. सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडायचं अंतरही त्याच वेळी आलं. आपल्या गल्लीत दीड मीटर मिळणार नाही हे मान्य, मग मागे थांबा.

बी-७०२: सायकलवाल्यांनीही उभ्या गाड्यांपासून एक ते सव्वा मीटर लांबून जावं, उघडा दरवाजा तेवढाच येतो. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नका. एकच सरळ रेषा धरा. मागच्याला अंदाज येतो तो सरळ रेषेमुळेच.

सचिव: दिव्यांचं काय? रात्री बऱ्याच सायकली बिनदिव्याच्या येतात.

बी-७०२: पुढे पांढरा, मागे लाल, मडगार्डवर रिफ्लेक्टर आणि पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर. पेडलचे काढून टाकू नका, पाय हलतात तसे तेही वरखाली होतात आणि लांबूनच सायकल ओळखू येते. शहरात २००-३०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) पुरतात. ८०० चा दिवा सरळ समोर धरला तर समोरचा आंधळा होतो. तपासायची रीत: दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. झोताचा मधला भाग भिंतीवर अर्ध्या मीटर उंचीवर पडला पाहिजे, म्हणजे रस्त्यावर तो १० मीटरवर पडतो. पुढचा दिवा अंधारात लुकलुकता ठेवू नका, समोरच्याला अंतर कळत नाही. मागचा चालेल, पण ग्रुपमध्ये फक्त शेवटच्याचा. बाकीच्यांचा मंद आणि स्थिर. आणि सॅक मागच्या दिव्यावर लोंबत नाही ना ते बघा, बहुतेक वेळा लोंबतच असते.

सी-८०१: ब्रेकचं थोडक्यात सांगाल का? पावसाळा आलाच.

बी-७०२: ताशी २५ म्हणजे सेकंदाला ७ मीटर. धोका दिसून हात दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर ७ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर साधारण ५. एकूण १२. पावसात रिमवरचे ब्रेक आधी पाणी पुसतात, चाकाचे एक-दोन फेरे त्यातच जातात, म्हणजे २ ते ४ मीटर. आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी, ते वेगळं. म्हणून सिग्नलच्या बरंच आधी हलकं दाबून रिम पुसून घ्यायची. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. चाकाला आऊट असेल, म्हणजे ते फिरताना डगमगत असेल, तर आधी तो काढून घ्या, नाहीतर ब्रेक एकाच जागी पकडतो. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी झेब्राचे पांढरे पट्टे आणि चेंबरची झाकणं सरळ चाकाने ओलांडा. तिथे वळणं नको, ब्रेकही नको.

डी-५०५: रविवारच्या ग्रुपसाठी आमचे नियम ठरलेत, तेही टाकतो. ६ ते ८ जणांच्या तुकड्या. नांदेड फाट्यापर्यंत एकामागे एक, पुढेही दोघं शेजारी शेजारी फक्त रस्ता रिकामा असेल तेव्हाच, आणि मागून गाडी आली की आतला पुढे, बाहेरचा त्याच्या मागे. पिवळा लागला की पहिला थांबतो. ग्रुप सिग्नलला तुटला तर मागच्यांनी लाल तोडून गाठायचं नाही. पुढचे पलीकडे डावीकडे रुंद जागा बघून थांबतात. खड्डा दिसला की पहिला हात खाली करून दाखवतो, प्रत्येक जण तो निरोप मागे देतो.
धरणाच्या पुढे पानशेतच्या बाजूला रस्ता अरुंद आहे. मागे चार-पाच गाड्या साठल्या की कडेला घेऊन थांबायचं. चालता चालता हाताने "या पुढे" खुणावायचं नाही, समोरून काय येतंय ते आपल्यालाही नीट दिसत नसतं. चौपाटीजवळ भुट्टा खाणाऱ्यांची गर्दी असते, तिथे ताशी १० च्या वर नाही. आणि स्ट्राव्हावर (सायकल फेरीची नोंद ठेवणारं ॲप) सिग्नलमधून जाणारा सेगमेंट, म्हणजे वेळ मोजायचा रस्त्याचा तुकडा, दिसला तर तो धोकादायक म्हणून नोंदवा, तशी सोय ॲपमध्ये आहे. वेळेसाठी सिग्नल तोडण्याचा मोह तिथेच होतो.

ए-६०३: आणि चांदणी चौकाकडे बायपासने जाणारे?

डी-५०५: सर्व्हिस रोडच काका. तिथे समोरून राँग साइडच्या दुचाकी येतात हे खरं आहे. आपण आपली डावी बाजू सोडायची नाही, त्याला उजवीकडून जाऊ द्यायचं आणि गरज पडली तर थांबायचं. एक्स्प्रेसवेवर तर सायकलला बंदीच आहे.

सी-८०१: मुलांचा सराव कुठे घेता येईल? एकदम रस्त्यावर नको वाटतं.

डी-५०५: बी विंगच्या पार्किंगमध्ये. पार्किंगची २० मीटरची पांढरी रेषा धरून जायचं, मधे उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि मागे उभ्या माणसाने किती बोटं दाखवली ते सांगायचं. चाक रेषेपासून एका वितीपेक्षा जास्त हललं तर पुन्हा. ते जमलं की एक हात आडवा धरून तीच रेषा. मग ठरलेल्या खुणेवर दोन्ही ब्रेकने थांबणं. सीटवर बसून पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, नसतील तर सीट खाली घ्या. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा व्ही कानाच्या खाली, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट. हे तीन प्रकार जमल्याशिवाय मूल चौकात एकटं नाही.

सचिव: ठीक. शनिवारी सकाळी ७ ते ८.३० बी विंगची खालची पार्किंग ओळ मोकळी हवी. १२ ते १७ नंबरच्या गाड्यांच्या मालकांनी शुक्रवारी रात्री गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात. वॉचमनला सांगितलंय, तो जागा दाखवेल. मुलांनी सायकलमध्ये हवा भरून यावं, पंप क्लब हाउसमध्ये ठेवलाय.