वजनाच्या ऑपरेशननंतर काय काय झालं, आपापले अनुभव लिहा

माहुलीकर_ताई
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, वय ४३, मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात स्लीव्ह झालं (जठर कापून लहान करतात ते), वजन ११६ वरून आता ७८. ऑपरेशनच्या आधी सगळे भरभरून बोलतात, पहिल्या महिन्याचा तक्ता पण हातात देतात, पण चौथ्या महिन्यात काय होतं, दीड वर्षानी काय होतं ते आपलं आपल्यालाच कळतं, तेही झाल्यावर. म्हणून हा धागा. कुठं केलं, किती लागले, कुठला डॉक्टर चांगला ही चर्चा इथं नको, फक्त नंतरचं लिहा.

माझ्यापासून सुरू करते. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. घाबरून सिस्टरला विचारलं खांद्याला काय केलंत, तर ती हसायलाच लागली, म्हणाली दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात ना, त्यानं छातीखालचा पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात निघतं, उठा आणि चाला. चालले. कॉरिडॉरमधे सलाईनचा स्टँड ढकलत, देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी.

जठराचा पाऊण भाग काढून टाकतात हे आधी ऐकलेलं होतं, पण त्याचा अर्थ कळला पाण्याच्या वेळी. औषध मोजायचा छोटा कप असतो ना ३० मिलीचा, त्यानं दर दहा मिनिटाला एक कप. असं दीड लिटर करायचं म्हणजे दिवसभर तोच धंदा. प्रोटीन पावडरचा वास सहन होईना, तेव्हा सासूबाईंनी हुलग्याचं माडगं केलं, बिनतिखटाचं, गाळून पातळ. ते गेलं पोटात. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंसमोर रडले आणि तेही माडग्यावरून.

नंतरचा त्रास म्हणजे अडकणं. भाकरीचा एक तुकडा घाईत गिळला की छातीच्या मधोमध बसतो, तोंडाला फेस येतो आणि थुंकायला पळायचं. हे बहुतेक दुसऱ्याच्या घरी होतं, कारण तिथं समोर बसून कोणतरी म्हणत असतं, अगं एवढंच? आमच्या हातचं आवडलं नाही वाटतं.

वारणाकाठ
ताई चांगला धागा काढला. मी सांगलीकडचा, माझं मिनी बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, डायबेटिसमुळं केलं. इन्शुलिन सुटलं, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचून कोणी घाबरू नका.

गोड खाऊ नका असं सांगितलेलं. मला वाटलं शुगरसाठी सांगतायत, आणि शुगर तर आता नॉर्मल. सहाव्या महिन्यात मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर गेलो, गरम काकवी वाटीत दिली, अर्धी वाटी प्यालो असेन. पंधरा मिनिटात छाती धडधडायला लागली, घामानं शर्ट भिजला, पोटात कळा, आणि मी चिपाडाच्या ढिगाऱ्यावर आडवा. मेव्हण्याला वाटलं हार्ट अटॅक, त्यानं जीप पण काढली. अर्ध्या तासानं निवळलं म्हणून घरी आलो, तर तासाभरानं परत हातपाय थरथर, डोळ्यापुढं अंधारी. मीटर लावला तर शुगर ५४. गोड खाऊन शुगर कमी, कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं याला डंपिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरतं, आतडं पाणी ओढतं तो पहिला झटका, आणि मग शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं तो दुसरा, एक ते तीन तासानी येणारा. तेव्हापासून जेवताना आधी अंडं नाहीतर पनीर नाहीतर उसळ, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. ऊस आमच्या शेतात आहे आणि रस मी पीत नाही, चेष्टा होते, होऊ दे.

गडप्रेमी_११
रोज अजिंक्यतारा चढला असता तर ऑपरेशनची वेळ आली नसती. राग मानू नका.

माहुलीकर_ताई
राग नाही. चढत होते, तीन वर्षं, गुडघ्याला पट्टा बांधून. पुढचा अनुभव येऊ द्या.

कराडची_मी
केस!!! चौथा महिना लागला आणि आंघोळीला गेलं की जाळी तुंबायची. भावाचं लग्न सव्वा महिन्यावर आणि माझा भांग दोन बोटं रुंद. तेल, कांद्याचा रस, जास्वंद सगळं केलं, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं पण केलं जे इथं लिहित नाही. मग कळलं वजन झपाट्यानं उतरलं की केस असे एकदम गळतात, बऱ्याच जणींचं तीन ते सहा महिन्यात होतं आणि परत येतात, पण प्रोटीन कमी पडत असेल, लोह कमी असेल तर थांबतच नाही. मला सांगितलेलं रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन, आणि माझं मोजलं तर तिशीच्या पुढं जात नव्हतं. हिमोग्लोबिन ८.४. गोळी घेत होते हो रोज! पण कशाबरोबर, तर सकाळच्या चहाबरोबर. आणि कॅल्शियमची पण त्याच वेळी, एकदाच काय ते संपवायचं म्हणून. चहानं लोह अंगाला लागत नाही आणि लोह-कॅल्शियम दोन तास लांब ठेवायचं असतं, हे कागदावर लिहिलेलं होतं, मीच कागद फ्रीजवर लावून विसरले. आता केस आलेत, बाळकेस, कपाळावर उभे राहतात.

मिशरीबद्दल पण लिहायचंय पण आई वाचते, नंतर.

साधा_माणूस
हे मी बायकोसाठी लिहितोय, ती म्हणाली तुम्हीच लिहा. थोडं मोठं होईल.

हिचं ऑपरेशन चांगलं झालं, घरी आलो. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. खाल्लेलं तर सोडाच, पाणी पण टिकेना. फोन केला तर सांगितलं सुरवातीला होतं, हळू हळू खा. आम्ही पण तेच धरून बसलो, की होतं म्हणजे होतं. गावातल्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजची सलाईन लावली, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. असे अठरा दिवस गेले. मग ही म्हणायला लागली तळपाय बधिर वाटतात, मुंग्या येतात. मी म्हणलं अशक्तपणा असेल. एक दिवस सकाळी परसातून येताना भिंत धरून चालत होती, दारू प्यायल्यासारखी, आणि म्हणाली अहो मला तुम्ही दोन दिसताय. मी हसलो. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मिरजेला नेलं. तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, ऑपरेशन झालंय का आणि उलट्या किती दिवस? मग लगेच शिरेतून बी-१ चं इंजेक्शन, सलाईन त्याच्यानंतर. या जीवनसत्त्वाचा शरीरात साठा थोडाच असतो, काही आठवड्यांच्या उलट्यांनी संपतो आणि मग नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं पण खर्च होतं, असं त्यांनी समजावलं. डोळे दोन-तीन दिवसात सुधारले. चालणं यायला तीन महिने लागले. तळपायाच्या मुंग्या अजून आहेत, रात्री मी पाय चोळून देतो. ज्यांची दोन-तीन दिवस सलग उलटी होते त्यांनी "होतं असं" म्हणून घरी बसू नका, जाऊन सांगा की माझं असं असं ऑपरेशन झालंय, आणि बी-१ चं नाव स्वतः काढा.

माहुलीकर_ताई
दादा, वाचून हात थांबला. वहिनींना नमस्कार सांगा.

बेदाणा
तासगाव. स्लीव्ह, वय २९. पित्ताच्या खड्यांसाठी सहा महिने एक गोळी दिलेली, महाग म्हणून दोन महिन्यात बंद केली, तोपर्यंत ३० किलो उतरलेलं. पाचव्या महिन्यात रात्री उजव्या बरगडीखाली असं धरलं की गडाबडा लोळलो. वजन भराभर उतरलं की खडे होतात म्हणे. परत दुर्बीण, परत भोकं, पित्ताशय गेलं. गोळीचे वाचवलेले पैसे कुठल्या कुठं गेले.

टेंपोवाला
पोटाच्या बायपासला चार वर्षं झाली. वजन गेलं तरी कंबर दुखायची, गाडीवर बसून बसून. मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी घ्यायचो, रोज एक, कधी दोन. तंबाखू पण सुरू होती, खोटं कशाला बोला. एक दिवस संडास डांबरासारखी काळी, चक्कर येऊन गाडीशेजारीच बसलो. एंडोस्कोपीत जोडाच्या जागेवर अल्सर निघाला. डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं होतं की असल्या गोळ्या कायमच्या बंद, पण ते इंग्लिशमधे, आणि मी सातवी. आता मेडिकलमधे गेलो की पहिलं सांगतो, पोटाचं बायपास झालंय, पोटात जळजळ करणारी दुखण्याची गोळी देऊ नका. तंबाखू सुटली, दोन महिने बायकोशी भांडण झालं तेवढंच.

कराडची_मी
टेंपोवाले दादा, मिशरीचं मी हेच लिहिणार होते. मला वाटायचं ती काय आपण गिळत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तंबाखू ती तंबाखू, निकोटीन हिरडीतून पण जातं. सोडली. आई, वाचलंस ना, आता तू पण सोड.

सिस्टर_मिरज
मी नर्स आहे आणि माझं स्वतःचं पण झालंय, पाच वर्षं. थोडक्यात लिहिते, ड्युटी आहे. कॅल्शियम घेताना कार्बोनेट आहे का सायट्रेट बघा, आपल्या पोटात ॲसिड कमी म्हणून सायट्रेट बरं. बी-१२ जन्मभर, कारण ते शोषायला लागणारा पदार्थ जठरातच तयार होतो. रक्त पहिल्या वर्षात तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी. मुलींनी दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत आणि बायपासवाल्यांनी त्यासाठी नुसत्या तोंडाच्या गोळीवर अवलंबून राहू नये, आधी डॉक्टरांशी बोला. स्लीव्हनंतर रात्री आंबट पाणी घशाशी येत असेल तर लपवू नका, ते वाढतं.

कोणी विचारत नाही म्हणून सांगते, लोंबणारी कातडी. पोटाच्या घडीखाली उन्हाळ्यात घाम साचून बुरशी होते, सांगलीच्या मेमधे तर विचारूच नका. मऊ सुती कापड घडीत ठेवायचं, कोरडं ठेवायचं. नवऱ्यासमोर साडी बदलायची लाज आधी जाडीमुळं वाटायची, आता कातडीमुळं.

भडंगवाला_नाही
सहा वर्षं. १३२ वरून ८४ आणि आता परत ९९. जेवण अजूनही छोटंच आहे, एक भाकरी संपत नाही. मग वाढलं कसं? भडंग. दुकानात बसल्या बसल्या मूठ मूठ, वर चहा. कुरकुरीत कोरडं चहाबरोबर विरघळून सरकन खाली जातं, अडकत नाही, पोट भरत नाही, दिवसभर चालूच. अंडं खाल्लं तर दोन घासात पोट भरतं, म्हणून अंडं नको वाटतं, हे असलं डोकं आपलं. लाजेनं तीन वर्षं तपासणीलाच गेलो नाही. हा धागा वाचून काल फोन लावला, गुरुवारची वेळ मिळालीय.

माहुलीकर_ताई
गुरुवारी जाऊन आल्यावर लिहा हां, वाट बघते.

माझा कालचा किस्सा. कराडजवळ हायवेला धाब्यावर थांबलो, घरच्यांनी अख्खा मसूर सांगितला. मी कमी तिखटाचा वेगळा मागितला, फक्त वाटीभर, रोटी नको, पाणी पण नको. पोरगं वाटी ठेवून गेलं आणि लांबून बघत उभं. पंचवीस मिनिटं लागली मला वाटी संपवायला, नाही, अर्धी वाटी. बिल देताना ते पोरगं हळूच ह्यांना म्हणतंय, साहेब, मसूर बिघडला होता का? ह्यांनी सांगितलं, नाही रे, ती अशीच जेवते. चौदा महिन्यात ह्यांनी पहिल्यांदा माझ्या आधी उत्तर दिलं.