मदत हवी आहे : कॉलेजच्या मुलांना भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी नेमकं काय करता येईल?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात कॉलेजला असलेले आम्ही नऊ जण आहोत, वय १७ ते २०. बेवारस कुत्र्या-मांजरांसाठी काहीतरी नियमित करायचं ठरवलं आहे. शनिवार दुपार आणि रविवार सकाळ मोकळी असते. वर्गणी काढून महिन्याला दोन हजारांच्या आसपास जमतात.

प्रश्न असे: सुरुवात रोज खायला घालण्यापासून करावी का? नसबंदीच्या कामात आमच्यासारख्यांचा काय उपयोग? कॉलेजच्या आवारात सहा कुत्री आहेत, त्यातली एक नुकतीच व्यालेली, चार पिल्लं आहेत. प्राचार्यांनी आवारात खायला घालू नये अशी नोटीस लावली आहे. त्याविरुद्ध अर्ज करावा का? आणि हे काम एनएसएसच्या तासांत धरलं जातं का?

पाणवठा
सगळ्यात आधी स्वतःचं लसीकरण. कुत्र्या-मांजरांना नियमित हात लावणार असाल तर चावण्याआधीच रेबीजची लस घेता येते: पहिला दिवस, सातवा दिवस आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा दिवस, असे तीन डोस. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा. लस घेतलेल्यालाही चावा किंवा ओरखडा झाला की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. त्याला पुढचे फक्त दोन डोस लागतात (त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी), जखमेभोवती द्यायचं सीरम लागत नाही. लस न घेतलेल्याला मात्र पूर्ण कोर्स, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर सीरमही. हळद, चुना, तिखट काहीही जखमेवर लावायचं नाही.

आता खाण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: खायला घालणं पहिलं काम नव्हे. नसबंदी न करता नुसतं खायला घातलं तर दोन वर्षांत त्या गल्लीतली कुत्री वाढतात, तक्रारी वाढतात आणि त्यात मार कुत्रीच खातात. तुमचं पहिलं काम म्हणजे मोजणी.

एकच वॉर्ड घ्या, जास्त नको. सकाळी सहा ते सात या वेळात फिरा. तेव्हा कुत्री आपापल्या हद्दीत, डोळ्यांसमोर असतात. नऊ वाजले की गाड्यांखाली आणि गटारांच्या कडेला गायब. दोघादोघांची जोडी, एकाने फोटो काढायचे, एकाने वहीत लिहायचं. प्रत्येक कुत्र्याचे डावी बाजू, उजवी बाजू आणि कान असे तीन फोटो. वहीत रकाने: जागा, नर की मादी, रंगाची खूण, कानाला खाच आहे का, मादी दूध पाजते आहे का, जखम किंवा खरूज, आणि त्या कुत्र्याला ओळखणारा माणूस कोण (पानवाला, वॉचमन, एखाद्या आजी). कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली. लोक हमखास चुकतात ते इथेच: भांडणात फाटलेला कान आणि खाच यांत गल्लत होते. खाच सरळ कापलेली असते, फाटलेला कान वेडावाकडा.

ही वही हातात असली की नगरपरिषदेत जाऊन बोलता येतं. ‘आमच्याकडे कुत्री फार झालीत’ या वाक्यावर कोणी हलत नाही. ‘या वॉर्डात ४१ कुत्री, त्यात नसबंदी न झालेल्या १७ माद्या, जागा या’ असा कागद ठेवला तर आरोग्य विभागाला नसबंदीसाठी कुत्री नेणारी गाडी कुठे पाठवायची ते कळतं.

कलमबहाद्दर
नोटिशीविरुद्ध अर्ज करू नका. प्राचार्यांचा तो लहरीपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलं की पकडलेली कुत्री नसबंदी, लसीकरण करून मूळ जागी सोडायची (रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून), पण खायला घालायचं ते वॉर्डात नेमून दिलेल्या जागीच, रस्त्यावर कुठेही नाही. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं वेगळी काढली: तिथली कुत्री उचलायची आणि परत तिथेच सोडायची नाहीत. प्रकरण पुढेही चालू राहिलं आहे, तेव्हा पाऊल टाकण्याआधी ताजा आदेश वाचा.

म्हणजे तुम्ही करायचं ते असं: प्राचार्यांना भेटून कॉलेजने यासाठी नेमलेला अधिकारी कोण ते विचारा आणि आपली यादी त्यांना द्या. यादी दिली तर निदान कुठलं कुत्रं कुठे नेलं याची नोंद राहते. नगरपरिषदेला दुसरा अर्ज: ‘आमच्या वॉर्डात खाद्यजागा कुठे नेमली आहे, नसेल तर कधी नेमणार?’ आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही खाद्यजागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी असं आहे.

अवांतर: ‘कुत्री रानात सोडून येतो’ म्हणणारे भेटतील. त्या भानगडीत पडू नका. एक तर ते बेकायदा, आणि सोडलेल्या जागी आधीची कुत्री नव्याला फाडतात.

कृष्णाकाठ
धन्यवाद, हे माहीतच नव्हतं. पिल्लांचं काय करू? डोळे नुकतेच उघडलेत. आई दिवसभर दिसत नाही. उचलून घरी आणावीत का?

टाके आणि पट्ट्या
हात लावू नका अजून. आई खायला शोधायला जाते, तासन्‌तास दिसत नाही, म्हणून पिल्लं पोरकी होत नाहीत. लांबून बघा, पाच-सहा तास. पोटं गोल, अंग गरम आणि पिल्लं शांत झोपलेली असतील तर आई येऊन जाते आहे. माणसं फार जवळ घुटमळली तर ती पिल्लं हलवते आणि मग एखादं मागे राहतं. खायला द्यायचंच तर आईला द्या, पण आवाराबाहेर, नेमलेल्या जागी. ही जागा कॉलेजचीच असल्याने कॉलेजने नेमलेल्या त्या अधिकाऱ्यांना पिल्लांबद्दल आधीच सांगा, म्हणजे आई एकीकडे आणि पिल्लं दुसरीकडे अशी ताटातूट होणार नाही.

आई खरंच मेली असेल तरच पुढचं:

पहिलं ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, ते तिथेच कुजतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकू शकतं. गाईचं दूध नको, जुलाब लागतात. औषधाच्या दुकानात पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. ती येईपर्यंत एखादा दिवस शेळीचं दूध चालवून घ्या. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर, जसं ते आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. हाताने वाढवलेली पिल्लं दगावण्याचं हे एक नेहमीचं कारण. एवढ्या लहान पिल्लांना दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसायचं, तीन आठवड्यांपर्यंत त्याशिवाय त्यांना होत नाही.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करून लिहा. वजन दोन दिवस वाढलं नाही तर दवाखाना. जंताचं औषधही वजनावरच ठरतं, अंदाजाने चमचा ओतू नका.

आणि पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा, संसर्गाने पसरणारा आजार. हा मुद्दा मोठ्या अक्षरात लिहायला हवा. रक्ताचे जुलाब, उलट्या, विशिष्ट घाण वास. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतो आणि फिनाइलने मरत नाही. लागतं ते ब्लीच: एक भाग ब्लीचला ३० भाग पाणी, आधी घाण धुऊन काढायची, मग हे पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. आजारी पिल्लू हाताळलेल्या माणसाने त्याच दिवशी दुसऱ्या पिल्लांकडे जायचं नाही. चपलांच्या तळव्यावरूनच तो गल्लोगल्ली फिरतो, आणि उत्साही मुलांच्या गटाइतकं त्याला सोयीचं वाहन नाही. नवीन पिल्लू घरात आणलं तर १४ दिवस वेगळं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. एका डोसवर ‘लस झाली’ म्हणून पिल्लू मैदानात सोडणं ही नेहमीची चूक.

भाताचं पातेलं
पाणवठा यांच्याशी निम्मा सहमत. मोजणी आधी, हे बरोबर. पण खायला घालणाऱ्याशिवाय नसबंदीला कुत्रं हाती येत नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी खाणारं कुत्रं गाडी आली की सापडतं, बाकीची जाळी बघून पळतात. तेव्हा नेमलेल्या जागी दोन जणांनी खाण्याची जबाबदारी घ्यावी, ती सुद्धा नसबंदीच्या दृष्टीने.

दहा मध्यम कुत्र्यांना एक वेळचं: एक किलो तांदूळ, एक किलो चिकनचे तुकडे (चिकनवाल्याकडे डोकी-पाय स्वस्तात मिळतात), चमचाभर हळद. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. नळीची हाडं शिजली की त्यांचे सुळे होतात, ती काढून टाका. पाय शिजवून कुस्करा. बिस्किटं म्हणजे मैदा आणि साखर, त्याने पोट भरल्यासारखं वाटतं एवढंच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका विषारी. कागदावर वाढा, प्रत्येक कुत्र्यात पाच-सहा फुटांचं अंतर ठेवा आणि वीस मिनिटांत सगळं उचलून जागा झाडून निघा. उरलेला भात पडला की उंदीर, आणि उंदीर आले की खाद्यजागा बंद.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मात्र त्या कुत्र्याला काही घालायचं नाही. दर वेळी कोणीतरी दयेपोटी घालतंच. भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेली तर जीव जातो.

उन्हाळ्यात पाण्याच्या सिमेंटच्या कुंड्या ठेवाल. दर दोन दिवसांनी ओतून आतून काथ्याने घासा. नुसतं ओतलं तर डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नवं पाणी घातलं की पुन्हा अळ्या.

कृष्णाकाठ
बाजारपेठेत एक लॅब्रॅडॉर फिरतोय, गळ्यात तुटका पट्टा आहे. त्याला दत्तक द्यायचं म्हणून फोटो टाकला तर चालेल?

टाके आणि पट्ट्या
आधी हरवलाय की सोडून दिलाय ते बघा. दवाखान्यात चिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची खूण, तपासून घ्या (मशीन असेल तर), आसपासच्या पशुवैद्यांना फोटो दाखवा, पोलीस चौकीत नोंद द्या. आठ-दहा दिवस ‘सापडला आहे’ एवढंच लिहा आणि एक खूण मुद्दाम लपवा, उदाहरणार्थ पोटावरचा डाग. मालक म्हणून येणाऱ्याने ती सांगितली पाहिजे. जातिवंत कुत्र्यावर पैदाशीसाठी डोळा ठेवून येणारे असतात, म्हणून नसबंदी करूनच दत्तक द्या.

दत्तकाच्या पोस्टमध्ये फोटो दिवसाउजेडी, जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. ‘बिचारा, मरायला टाकलाय’ लिहू नका. त्याने फोन खूप येतात आणि घर एकही मिळत नाही. वय, वजन, लस, नसबंदी, मुलांशी आणि मांजरांशी कसा वागतो, काय त्रास आहे ते लिहा. घर स्वतः जाऊन बघा, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का विचारा, भाड्याचं असेल तर घरमालकाचीही. जमलं नाही तर कुत्रं परत तुमच्याकडेच येईल, हे फॉर्मवर लिहून सही घ्या.

कलमबहाद्दर
पाळलेलं जनावर उपाशी, तहानलेलं राहील अशा रीतीने सोडून देणं १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. हसू नका, कायदा तसाच आहे.

पैशांबद्दल एकच: वर्गणी एका मुलाच्या खात्यावर गोळा करू नका. दवाखान्याचं बिल थेट दवाखान्याला भरा आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाका. एनएसएसला वर्षाला १२० तास लागतात. काम सुरू करण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून उपक्रमाला लेखी मान्यता घ्या, मागाहून तास मिळत नाहीत. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. सरकारी पशुदवाखान्यात शिबिर असेल तर टोकन देणं, नोंदी लिहिणं, लोकांना रांगेत लांब लांब उभं करणं यासाठी माणसं लागतातच. एनएसएसवाल्यांनाही हा कार्यक्रम पटकन पटतो.

कृष्णाकाठ
उद्या पहिला रविवार. सोबत काय काय न्यावं? आणि आमच्यातले दोघं सतरा वर्षांचे आहेत, त्यांचं काय?

पाणवठा
त्या दोघांचं पालकांचं संमतिपत्र घ्या आणि त्यांच्याकडे वही-फोटोचं काम द्या, जनावर हाताळायचं नाही. न्यायचं ते: वही, दोन पेनं, पायात बूट, साबणाची वडी, दोन लिटर पाणी, जुनी चादर, रुंद बँडेज. जखमी कुत्रं उचलायची वेळ आलीच तर मोठ्यांपैकी दोघांनी. कितीही गरीब दिसलं तरी दुखत असताना ते चावतं, म्हणून आधी बँडेजने तोंड बांधा: वरून गाठ, खालून फिरवून कानांमागे. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. मग चादर झोळीसारखी धरून रिक्षात. जखमेत किडे असतील तर रॉकेल, फिनाइल ओतू नका, तसंच घेऊन जा. आणि निघण्याआधी दवाखान्याला फोन करा, रविवारी बरेच बंद असतात.